गावात सौर प्रकल्प येतोय, पण तार आणि डीपी तीच राहणार. व्होल्टेज सुधारेल का?

बांधावरचा (११ जानेवारी)

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात माझी साडेचार एकर बागायत आहे. कांदा, थोडा गहू, दीड एकर ऊस. विहिरीवर पाच एचपीची मोटर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गायरानातली १६ एकर जागा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पाला द्यायचा ठराव येणार आहे. प्रकल्प ४ मेगावॅटचा, ३३/११ केव्ही सबस्टेशनपासून तीनेक किलोमीटरवर. ठराव झाला की दिवसा वीज मिळणार, एवढंच गावात सगळे बोलतात.

दिवसा वीज मला हवीच आहे. सध्या आमच्या शेती फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीसाठी निघणाऱ्या लाईनला, चार दिवस दिवसा वीज आणि तीन दिवस रात्री, अशी पाळी आहे. रात्रपाळी असली की साडेबाराला उठायचं आणि या थंडीत पाण्याची दारं धरायला जायचं. बायको बॅटरी घेऊन सोबत येते. बॅटरीचा उजेड ती वाफ्यावर नाही, उसाच्या कडेवर धरते, कारण बिबट्या तिकडून येतो. मी अंधारातच पाण्याच्या आवाजावरून दारं मोडतो. आमच्या भागात हे घरोघरी असंच आहे.

अडचण पुढे आहे. आमची डीपी, म्हणजे मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, शंभर केव्हीएची आणि तिच्यावर २४ कनेक्शनं. माझी विहीर तारेच्या शेवटाला, डीपीपासून किलोमीटरभर तरी लांब. सगळ्यांच्या मोटरी चालू असल्या की माझ्या स्टार्टरचा काटा ३४० व्होल्टच्या पुढे जात नाही, थ्री-फेज मोटरीला ते फार कमी. दोन वर्षांत मोटर दोनदा जळाली, प्रत्येक वेळी वायंडिंगला साडेसहा हजार. मागच्या मार्चमध्ये डीपीच जळाली. नऊ दिवस दुसरी मिळाली नाही, शेवटी आम्हीच वर्गणी काढून ट्रॅक्टरनं जुनी नेली आणि नवी आणली. तोवर कांद्याची पात पिवळी पडली होती.

आता सांगा, पॅनेल गायरानात बसले तरी माझ्यापर्यंत येणारी तार तीच, डीपी तीच. मग मला काय मिळणार? आणि त्या गायरानात चार घरांच्या शेळ्या चरतात, त्यातलं एक घर माझ्या चुलत्याचं. त्यांना तोंड दाखवायचं आहे, म्हणून हात वर करण्याआधी नीट समजून घ्यायचं आहे. कोणाच्या गावात प्रकल्प सुरू झाला असेल किंवा कोणी लाईनवर काम केलं असेल तर कृपया लिहा.

कोथरूडकर_८ (११ जानेवारी)

दादा, मी शहरातला, शेती फीडरचा अनुभव नाही. पण तार तीच राहिली की काय होतं ते आमच्याकडे उलट्या बाजूनं दिसलं, म्हणून लिहितो.

आमच्या गल्लीत पंतप्रधान सूर्यघर योजनेतून दीड वर्षात अकरा घरांवर पॅनेल बसले. मी ३ किलोवॅटचे बसवले, ७८ हजार अनुदान मिळालं. पहिले काही महिने उत्तम. मग शेजारीपाजारीही जोडले गेले आणि मार्च-एप्रिलमध्ये भर दुपारी माझा इन्व्हर्टर बंद पडू लागला. कंत्राटदार म्हणाला यंत्र ठीक आहे, व्होल्टेज वाढतंय. खरंच, दुपारी एकला मीटरवर २५४-२५५ दिसायचं. २३० च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ च्या पुढे गेलं की इन्व्हर्टरनं स्वतःला तोडून घ्यायचं असा नियमच आहे. म्हणजे ऊन सगळ्यात कडक तेव्हाच माझी वीज वाया. उन्हाळ्यात रोज दोन-अडीच तास तरी जात होते.

अर्ज केल्यावर चार महिन्यांनी कोणीतरी येऊन आमच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची कळ, एक घर खाली घेतला. काम अर्ध्या तासाचं होतं. तेव्हापासून बंद पडलेला नाही. तुमच्या डीपीला असा टॅप असतो का, ते जाणकारांनी सांगावं.

येरळाकाठ (१२ जानेवारी)

भाऊ, आम्ही खटावकडचे. आमचा फीडर सौर होऊन दुसरा उन्हाळा येईल. दिवसा वीज मिळते, हे खरं आहे. सकाळी साधारण नऊपासून पाचपर्यंत. माझे सासरे ७१ वर्षांचे, आता ते रात्री झोपतात. मला या एका गोष्टीचं मोल इतकं वाटतं की बाकी तक्रारी त्यानंतर.

तक्रारी म्हणजे अशा. पूर्वी रात्री काही लोक मोटर लावत नसत, त्यामुळे रात्रीचा दाब बरा असायचा. आता सगळ्या वाडीच्या मोटरी एकाच आठ तासांत चालतात. पहिल्या महिन्यात आमच्या डीपीचे फ्यूज रोज उडायचे. सकाळी वीज आली की ऑटो स्विचमुळे सगळ्या मोटरी एका क्षणी उठायच्या. मग आम्ही बायकांनी बचत गटाच्या बैठकीत ठरवून पाळ्या लावल्या. ओढ्याच्या अल्याडच्यांनी नऊ ते एक, पल्याडच्यांनी एक ते पाच. ऑटो स्विच काढायला लावले. पुरुष मंडळी आधी ऐकत नव्हती, दोन मोटरी जळाल्यावर ऐकली.

ढगाळ दिवशी वीज जाईल अशी भीती होती, तसं झालं नाही. का ते मला सांगता येणार नाही.

तारमार्ग (१२ जानेवारी)

मी ३१ वर्षं वीज वितरणात काढली. लाईनमनच्या हाताखाली शिकत सुरुवात केली आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. बांधावरचा, तुमचा प्रश्न माझ्या नोकरीभर मला सतावत आला आहे, म्हणून उत्तर लांबेल.

आधी ताईंनी लिहिलेलं ढगाचं. फीडर सौर झाला म्हणजे पॅनेलची वीज थेट तुमच्या मोटरीला येते असं नाही. प्रकल्प तुमच्या सबस्टेशनच्या ११ केव्ही बसला, म्हणजे सगळे फीडर जिथून निघतात त्या पट्टीला, जोडतात. ऊन असेल तेव्हा तो तिथे वीज ओततो, ढग आला की उणीव मोठ्या जाळ्यातून, चंद्रपूरच्या कोळशातून म्हणा किंवा कुठल्या पवनचक्कीतून, आपोआप भरून निघते. उलट, ३३ केव्हीची लाईन तुटली तर कडक ऊन असूनही प्रकल्प बंद होतो. तो मुद्दामच तसा केलेला असतो. मेलेल्या तारेत प्रकल्पानं वीज सोडली तर खांबावर चढलेला लाईनमन जाईल. तेव्हा पॅनेल दिसतात तरी वीज का नाही, म्हणून प्रकल्पाच्या वॉचमनशी भांडू नका.

आता हिशोब. आपल्याकडे १ मेगावॅटमधून वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चार-साडेचार हजार युनिट निघतात. तुमची पाच एचपीची मोटर आठ तास चालली तर ३५-३७ युनिट खाते. म्हणजे ४ मेगावॅटमध्ये साडेचारशेच्या आसपास मोटरींचं रोजचं पाणी निघतं. ही वीज २५ वर्षांच्या करारानं साधारण तीन रुपये युनिटला मिळते आणि शेताशेजारीच तयार होते, शेकडो किलोमीटर तारांतून आणावी लागत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतकऱ्यांचं बिल २०२४ पासून सरकार भरतं, ती योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. तो पैसा सरकारच्या तिजोरीतून आणि कारखान्यांच्या चढ्या दरातून येतो. तीन रुपयांची वीज जितकी वाढेल तितका तो भार उतरेल. म्हणून मी या योजनेच्या बाजूचा आहे, आणि हे मनापासून सांगतो.

पण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय. पॅनेल सबस्टेशनपर्यंत वीज स्वस्त करतात. सबस्टेशनपासून तुमच्या स्टार्टरपर्यंत जे आहे ते पॅनेल बदलत नाहीत.

शंभरच्या डीपीचा पूर्ण भाराचा करंट १३३ अँपिअर. पाच एचपीची मोटर साडेसात-आठ अँपिअर घेते. म्हणजे एका वेळी १६-१७ मोटरी. तुमच्याकडे २४, आणि त्यातल्या काही कागदावर तीनच्या आणि विहिरीत साडेसातच्या असणार, हे मी न बघता सांगतो. पूर्वी काही जण थंडीला भिऊन रात्री मोटर लावत नसत, म्हणून डीपी कशीबशी तगायची. दिवसा वीज आली की सगळे एकदम लावणार. ताईंच्या वाडीत झालं ते हेच. मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते, त्यात सगळे ऑटो स्विच एका क्षणी लागले तर फ्यूज राहील कसा? त्यांनी पाळ्या लावल्या हे मला फार आवडलं. मी नोकरीत असताना गावोगावी हे सांगून थकलो होतो. तिथे गटानं करून दाखवलं.

पाळ्यांनी डीपी वाचेल, पण तारेच्या टोकाचं दुखणं वेगळं. त्यासाठी मला तुमच्याकडून दोन आकडे हवेत. एखाद्या दिवसपाळीला, सगळ्यांच्या मोटरी चालू असताना, डीपीच्या पेटीतलं व्होल्टेज आणि त्याच वेळी तुमच्या स्टार्टरवरचं व्होल्टेज. पेटीला स्वतः हात लावायचा नाही, वायरमनला बरोबर घ्या. डीपीवरच कमी असेल तर दोष ११ केव्ही लाईनचा किंवा सबस्टेशनचा. तिथे चांगलं आणि तुमच्याकडे कमी असेल तर दोष मधल्या लघुदाब तारेचा. उपाय अगदी वेगवेगळे आहेत. अर्जात नुसतं 'व्होल्टेज कमी आहे' लिहिलं की तो अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो, हे मी आतून पाहिलंय.

आणखी एक, स्वस्तातलं. तुमच्या स्टार्टरला कपॅसिटर आहे का? पाच एचपीला २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) लागतो. जोडला तर तारेतला करंट सहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. मात्र एकट्यानं लावून फार फरक पडत नाही, तारेच्या त्या फाट्यावरच्या सगळ्यांनी लावला पाहिजे. पूर्वी कनेक्शनबरोबर बसवलेले कपॅसिटर जळाले की वायरी सरळ जोडून टाकलेल्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

कोथरूडकर, तुमच्याकडचा टॅप मोठ्या ट्रान्सफॉर्मरला असतो. खेड्यातल्या शंभरच्या डीपीला तो बहुधा नसतो. तुमचा अनुभव मात्र इथे अगदी लागू आहे. वितरणाचं जाळं वरून खाली पाणी सोडावं तसं बांधलेलं होतं, आता वीज खालूनही वर येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं ग्राहक हक्कांचे नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतच्या छताला तांत्रिक तपासणीची अट काढली आणि ५ किलोवॅटपर्यंत जाळं मजबूत करायचा खर्च वितरण कंपनीवर टाकला. नियम चांगला आहे. पण गल्लीत अकरावं घर जोडलं जाताना ट्रान्सफॉर्मरकडे बघणारा माणूसही हवा. मी निवृत्त झालो तेव्हा एकेका लाईनमनकडे चार-चार गावं होती.

तुमच्या सोसायटीला जमत असेल तर टाकीचा पंप पहाटेऐवजी दुपारी चालवा. टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं स्मार्ट मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते पाचच्या वापरावर सवलत आहे, सुरुवातीला ती युनिटमागे ८० पैसे होती, आणि तुमच्या गल्लीतलं दुपारचं व्होल्टेजही त्यानं खाली येईल. त्या मीटरांबद्दल लोकांच्या मनात राग आहे, २०२४ मध्ये प्रीपेडला विरोध झाला तो मला कळतो. तरी कोणत्या डीपीवर किती वाजता किती भार आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही. आम्ही तो अंदाज डीपीच्या तेलाच्या टाकीला हात लावून करायचो.

कोथरूडकर_८ (१३ जानेवारी)

धन्यवाद काका. पंपाचं आजच कमिटीत मांडतो. एक शंका, दुपारी एवढी वीज शिल्लक राहणार असेल तर रात्रीचं काय? तेव्हा तर कोळसाच ना?

तारमार्ग (१३ जानेवारी)

आज बराचसा कोळसाच. संध्याकाळी सात ते दहा हा खरा कसोटीचा वेळ. सूर्य मावळतो आणि घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम लागतात. महाराष्ट्राला त्या वेळी कोयना सावरते, तिची क्षमता १९०० मेगावॅटच्या वर आहे आणि ती काही मिनिटांत भार उचलते. पण पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणी लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून ठेवलंय, म्हणून ती पाहिजे तेवढी चालवता येत नाही.

दुसरं घाटघर, अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, २५० मेगावॅटचं. वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि शिल्लक विजेवर तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. बांधलं तेव्हा शिल्लक रात्री असायची. आता ती दुपारी असते, म्हणजे चढवायची वेळच उलटी झाली. असे प्रकल्प आणि बॅटऱ्या जिथे होतील तिथे दुपारचं ऊन रात्री वापरता येईल. बांधावरचा यांच्या मोटरीला मात्र बॅटरी नको. तिला दिवसाच चालायचंय, आणि विहिरीतून वर काढलेलं पाणी हीच तिची साठवण. म्हणून शेतीची वीज दिवसावर आणणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

बांधावरचा (१८ जानेवारी)

काका, उशीर झाला, दिवसपाळीची वाट पाहत होतो. काल वायरमन दादांना घेऊन मोजलं. सकाळी साडेअकरा, २४ पैकी २१ मोटरी चालू. डीपीच्या पेटीत ४०५. त्याच वेळी मुलानं माझ्या स्टार्टरवर बघितलं, ३३५. मधे बैलगाडीच्या वाटेनं पावलं टाकत आलो, खांब २२, अंतर ११०० मीटरच्या आसपास. आमच्या फाट्यावर नऊ मोटरी. नवापैकी एकाच्याही स्टार्टरला चालू कपॅसिटर नाही. माझ्याकडच्या पेटीत त्याच्या नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.

वायरमन दादांनी स्वतःहून सांगितलं, तार जुनी आहे, चार ठिकाणी जोड आहेत. भला माणूस, जेवायलाही थांबला नाही.

तारमार्ग (१८ जानेवारी)

उत्तम मोजलंत. डीपीवर ४०५ म्हणजे वरची लाईन ठीक. सत्तर व्होल्ट त्या ११०० मीटरमध्ये गळतात आणि साधारण त्याच प्रमाणात वीजही तार तापवण्यात जाते. गायरानात चार काय, चाळीस मेगावॅट बसवले तरी हे सत्तर व्होल्ट परत येणार नाहीत.

तुम्हाला हवं ते असं. ११ केव्हीची लाईन त्याच वाटेनं पुढे न्यायची आणि तुमच्या फाट्याच्या मध्यावर ६३ ची वेगळी डीपी बसवायची. अंतर निम्मं होतं, भार दोन दिशांना वाटला जाऊन करंटही निम्मा होतो, म्हणजे गळती पावपटीवर येते. सत्तरचे सतरा-अठरा. उरलेल्या डीपीवर १५ मोटरी राहतात, तीही वाचते. शेतात उच्चदाब तार आणून दोन-दोन मोटरींना छोटी डीपी द्यायची पद्धत राज्यात २०१८ पासून नव्या कनेक्शनांसाठी वापरली गेली, तेव्हा हे नवीन मागणं नाही.

पैशाचं. या योजनेत सबस्टेशनच्या देखभाल-सुधारणेसाठी प्रत्येकी २५ लाखांपर्यंत तरतूद आहे. ती तुमच्या फाट्यापर्यंत येणार नाही, पण सबस्टेशन चालू राहण्यासाठी ती खर्च झाली का हे विचारत राहा. डीपी आणि तारांसाठी केंद्राची २०२१ ची वितरण सुधारणा योजना आहे, आणि जिल्हा नियोजनाचा निधी. ग्रामपंचायतीला प्रकल्पापोटी वर्षाला पाच लाख असं तीन वर्षं मिळतं. ते डीपीवर घालू नका. डीपी बसवणं वितरण कंपनीचं काम आहे. त्या पैशावर पहिला हक्क ज्यांचं चराऊ रान जातंय त्यांचा, असं माझं मत आहे.

ठरावाच्या कागदावर हे आकडे घाला, ४०५ आणि ३३५, तारीख, वेळ, चालू मोटरींची संख्या. वायरमनचं नाव घालू नका, त्याला त्रास होईल.

येरळाकाठ (१९ जानेवारी)

भाऊ, शेळ्यांचं आमच्याकडेही होतं. कुंपण घालायच्या आधी पाणवठ्याकडे जाणारी वाट नकाशात आखून घ्या. आमच्याकडे ती राहून गेली आणि आता मेंढ्या दीड किलोमीटर वळसा घालून पाण्यावर जातात.

बांधावरचा (२७ जानेवारी)

काल ग्रामसभा झाली. मी पहिल्यांदाच उभा राहून बोललो. ठराव मंजूर झाला, पण तीन गोष्टी त्यात लिहून घेतल्या. फाट्यावर ६३ च्या डीपीची मागणी आकड्यांसह, तिची प्रत तालुक्याच्या कार्यालयाला आणि आमदारांना. ओढ्याकडे जाणारी पंधरा फुटांची वाट कुंपणाबाहेर. आणि पहिल्या वर्षाच्या पाच लाखांतून चारही घरांना चाऱ्यासाठी काय करायचं ते पुढच्या सभेत, त्या चौघांना समोर बसवून. चुलत्यानं हात वर केला नाही. विरोधातही केला नाही. घरी येताना माझ्याबरोबर चालत आला आणि वाट नेमकी कोणत्या बाभळीपासून धरायची ते दाखवून गेला.

नवापैकी सात जणांनी कपॅसिटरचे पैसे दिलेत. बुधवारी आळेफाट्याहून आणतो. लावल्यावर पुन्हा मोजून इथेच लिहितो. काका, २ केव्हीएआर घेताना अजून काही बघायचं असेल तर मंगळवारपर्यंत सांगा.